पोळ्याच्या बैलाला विचारा

"त्यापेक्षा मेलेलं बरं," गुरुजी म्हणाले आणि पारावर बसलेल्या सात-आठ जणांपैकी एकानंही त्यांना अडवलं नाही. मीही नाही. श्रावणातली संध्याकाळ होती, दुकान पोरावर सोडून मी चहाला गेलो होतो, आणि विषय निघाला होता आमच्या नानांचा. नानांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय, नाशिकच्या डॉक्टरांनी पुरुषी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन सांगितलंय, ही बातमी गावात पसरायला दोन दिवससुद्धा लागले नव्हते. गुरुजींचं म्हणणं असं की हे औषधच नव्हे, हे खच्चीकरण आहे. हा म्हातारपणाचा आजार, तो आपल्या चालीनं चालतो, त्याला डिवचू नये. आणि दर तीन महिन्यांनी हजारो रुपये काढायचा हा कंपन्यांचा धंदा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दुकानात आले. थर्माकोलचा डबा काउंटरवर ठेवला आणि इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "भाऊ, हे माघारी घेता का?" डब्यातला बर्फ कधीच वितळला होता, खोक्याचा पुठ्ठा ओला होऊन फुगला होता. थंडीत ठेवायचं औषध एकदा दुकानाबाहेर गेलं की माघारी घेता येत नाही, एवढं मी सांगितलं. नाना डबा तसाच उचलून निघून गेले. जे सांगायचं होतं ते आदल्या संध्याकाळी पारावर सांगायला हवं होतं, तेव्हा मी चहा पीत होतो. म्हणून आता लिहितोय. मी डॉक्टर नाही. लासलगावात तीस वर्षं मेडिकल चालवतो, चिठ्ठी वाचतो, औषध देतो, आणि कोण पुढच्या वेळी आलं, कोण आलं नाही, हे माझ्या वहीत असतं.

आधी खच्चीचंच बोलू. गुरुजींचा शब्द कठोर आहे, पण खोटा नाही, हे मान्य करतो. प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची सुपारीएवढी ग्रंथी. ती टेस्टोस्टेरॉनवर वाढते आणि तिच्यात झालेला कॅन्सरही बहुतेक वेळा त्याच खुराकावर पोसतो. शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिलं की वृषणं काढली की हाडांत पसरलेला हा आजारही मागं हटतो, अंथरुणाला खिळलेला माणूस उठून बसतो. हगिन्सना १९६६ साली नोबेल मिळालं. आजचं इंजेक्शन चाकू न लावता तेच काम करतं. म्हणजे हो, गुरुजी, जनावरांच्या दवाखान्यात चिमटा लावून जे करतात त्याचाच हा भाऊबंद.

मग आता बैलाकडं बघू. तुमच्या दावणीला आयुष्यभर जी जोडी होती, जिच्या जिवावर तुमच्या वडिलांनी विहीर खोदली, ती खच्ची केलेलीच होती ना? सांडाला कुणी नांगराला जुंपत नाही. पोळ्याला ज्याची खांदेमळणी करता, शिंगं रंगवता, ज्याला पुरणपोळीचा घास भरवता, ज्याच्या पाया पडायला घरची सून ताट घेऊन उभी राहते, तो बैल तुम्हाला कधी कमी वाटला? कष्टाचा, ताकदीचा, इमानाचा दाखला द्यायचा झाला की आपल्या तोंडात बैल येतो. आणि माणसावर तीच वेळ आली की तोच शब्द शिवी होतो. ट्रॅक्टर आल्यापासून आपण बैल विसरलो असू, पण एवढे नको.

बैलाचा दाखला पुरता लागू पडत नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर गुरुजीच सांगतील. बैल तरुणपणी खच्ची होतो आणि रोज ओझं ओढतो, म्हणून त्याचं अंग भरतं. सत्तरीच्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन तोडलं आणि त्याला खाटेवर बसवून ठेवलं तर त्याचे स्नायू गळतात, पोट सुटतं. त्यावरचं औषध गोळीत कमी आणि कामात जास्त आहे. चालणं, जिना चढणं, झेपेल तेवढं वजन उचलणं. नानांसारख्याला घरच्यांनी "तुम्ही आता काही करू नका" असं म्हणणं यासारखा घात नाही. फक्त हाडांत आजार असताना काय उचलावं आणि काय नाही, हे डॉक्टरांना विचारून.

या इंजेक्शनच्या नावाला डाग कुठून लागला तेही आठवतं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर टीव्हीवर रोज रात्री "केमिकल कॅस्ट्रेशन"ची, म्हणजे औषधानं खच्ची करण्याची, मागणी होत होती. न्यायमूर्ती वर्मा समितीनं जानेवारी २०१३ च्या अहवालात ती नाकारली, पण शब्द घराघरांत पोचून बसला होता. पुढं कुणी नातू मोबाइलवर आजोबांच्या इंजेक्शनची माहिती शोधतो आणि त्याला तोच शब्द दिसतो. आजोबा ऐकतात आणि मनात म्हणतात, मी काय गुन्हा केलाय? शिक्षेसाठी सुचवलेली गोष्ट आणि उपचार म्हणून दिलेली गोष्ट एकाच जातीच्या औषधांतून होते म्हणून दोन्ही एक ठरत नाहीत. गावठी चाकू आणि ऑपरेशनची सुरी दोन्ही पोलादाचीच असतात.

इंजेक्शन नेमकं करतं काय, हे मला फार आवडतं, म्हणून जरा थांबतो. मेंदूतून पिट्यूटरी या ग्रंथीला ठरावीक अंतरानं एक इशारा जातो, तिथून वृषणांना हुकूम सुटतो. हा इशारा देणारं रसायन अँड्र्यू शॅली यांनी एक लाखावर डुकरांच्या मेंदूंतून गाळून काढलं आणि १९७७ च्या नोबेलात वाटा मिळवला. इंजेक्शनमध्ये असतं ते या रसायनाचंच नक्कल रूप, पण ते थांबून थांबून न येता सतत झिरपत राहतं. आपल्या मार्केट यार्डात लिलावाचा पुकारा झाला की व्यापारी उठतात. पुकारा दिवसभर, रात्रभर, न थांबता चालू राहिला तर? पहिल्या दिवशी धावपळ उडेल, आठवड्यात कुणी ढुंकून बघणार नाही. पिट्यूटरीचंही तसंच होतं. ती आधी खवळते, मग बहिरी होते, आणि दोन-तीन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन तळाला जातं.

त्या "आधी खवळते"मध्ये एक धोका आहे. पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. मणक्यात आजार असेल तर दुखणं भडकू शकतं, मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. म्हणून डॉक्टर इंजेक्शनच्या थोडं आधीपासून बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या लिहितात. चिठ्ठीत त्या खाली, बारीक अक्षरात असतात आणि त्यामानानं स्वस्त असतात. स्वस्त म्हणून लोकांना त्या किरकोळ वाटतात. "मोठं तेवढं द्या, गोळ्या राहू द्या," असं मला कितीदा तरी ऐकावं लागलंय. ही गोष्ट ना पारावर कुणी सांगतं, ना घाईतला डॉक्टर दोनदा सांगतो.

आता त्रासाबद्दल. तो नाही असं मी म्हणणार नाही, कारण मग नानांचा माझ्यावरचा विश्वासही जाईल. कामेच्छा जाते, बहुतेकांची जाते. छाती थोडी भरू शकते, दुखू शकते. थकवा येतो, मन खट्टू होतं, कधी विनाकारण डोळ्यांत पाणी येतं. साखर आणि चरबी वाढण्याकडं कल असतो, म्हणून रक्तदाब-साखर तपासत राहावी लागते. हाडं विरळ होतात. सुरुवातीलाच हाडांची घनता तपासावी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यावं, गरज असेल तर हाडांचं औषध. कांदाचाळीच्या फळीवरून घसरून खुबा मोडला तर कॅन्सरच्या आधी तेच अंगावर येतं.

आणि अंगातून निघणाऱ्या वाफा. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी मी गेलो होतो, इंजेक्शन पोचवायला. रात्रीचे नऊ, पौषातली थंडी, आणि गृहस्थ ओट्यावर बनियनवर बसून टोपीनं वारा घेत होते. मानेवरून घाम निथळत होता. त्यांची बायको आतून गोधडी गुंडाळून आली आणि त्यांच्या शेजारी टेकली. "आता कळलं का?" ती म्हणाली. "माझी पाळी गेली तेव्हा मी पंखा लावायचे, तर तुम्ही म्हणायचे बिल येतंय." ते हसले. तीही हसली. मग तिनं आतला पंखा लावला आणि गोधडी डोक्यावरून घेऊन झोपायला गेली. ती बाई हेच पाच-सहा वर्षं सोसून बसली होती, आणि तेव्हा "त्यापेक्षा मेलेलं बरं" असं तिच्याबद्दल गावात कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायचा विचारही कुणाच्या डोक्यात आला नसता. हार्मोन बंद होणं बाईच्या बाबतीत वयाची गोष्ट आणि पुरुषाच्या बाबतीत मरणाहून वाईट, हा हिशेब कुठल्या तराजूवर केला, गुरुजी?

दुसरा मुद्दा म्हातारपणाच्या आजाराचा. इथं गुरुजी एका जागी बरोबर आहेत, आणि तेवढं मी त्यांना देऊन टाकतो. प्रोस्टेटचा छोटा, ग्रंथीतच राहिलेला, सौम्य जातीचा कॅन्सर असेल तर कितीतरी म्हाताऱ्यांना काहीच करावं लागत नाही. नुसतं लक्ष ठेवायचं, पीएसएची रक्ततपासणी करत राहायची. अशा माणसाला उगाच हार्मोनचं इंजेक्शन दिलं तर आयुष्य वाढत नाही. अमेरिकेत एकोणीस हजारांवर म्हाताऱ्यांच्या नोंदी तपासून २००८ साली हेच दिसलं. तेव्हा जिथं नको तिथं इंजेक्शन मारणाऱ्यांविरुद्ध गुरुजी बोलले तर मी त्यांच्या शेजारी बसेन.

पण नाना त्या गटात नाहीत. आपल्याकडं लोक कंबर धरल्यावर, लघवी अडल्यावर, पाय ओढायला लागल्यावर येतात. हाडांत गेलेला आजार आपल्या चालीनं चालतो खरा, पण ती चाल मणका मोडायच्या दिशेची असते.

पसरायच्या आधी, पण ग्रंथीत भरपूर वाढलेला आजार असला, तर तिसरीच गोष्ट. तिथं हार्मोन बंद करणं आणि रेडिएशन दोन्ही लागतं. युरोपातल्या एका चाचणीत (१९९७ साली ती छापून आली) अशा चारशेवर रुग्णांपैकी ज्यांना नुसतं रेडिएशन दिलं त्यांतले ६२ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते. रेडिएशनच्या जोडीला तीन वर्षं हार्मोनचं इंजेक्शन मिळालेल्यांतले ७९ टक्के. रेडिएशन म्हटलं की लासलगावच्या माणसानं तरी दचकू नये. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' केंद्र २००२ पासून आपल्याच गावात आहे. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून तिथं कोबाल्ट-६० चे किरण देतात, साठ ते नव्वद ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप). २००७ साली अमेरिकेला गेलेला आंबासुद्धा इथूनच किरण घेऊन गेला. आणि प्रोस्टेटला देतात तो डोस? साधारण सत्तर-ऐंशी ग्रे. आकडा जवळजवळ तोच! फरक एवढाच की कांदा एका फेरीत काम उरकतो. माणसाला तो रोज थोडा थोडा, आठवडे लावून आणि नेम धरून देतात, म्हणजे आजूबाजूचं शाबूत राहतं.

कांद्यावरूनच आणखी एक. इंजेक्शन सुरू झालं, पीएसए शंभरावरून एकाच्या खाली आला, की पेढे वाटले जातात आणि पुढचं इंजेक्शन चुकतं. चाळीतला उन्हाळ कांदा मेलेला असतो का? झोपलेला असतो. वळवाची ओल लागली, की कोंब आलाच. हार्मोन तोडणं म्हणजे ओल तोडणं. ती जोवर तुटलेली आहे तोवर बहुतेक पेशी पडून राहतात, आणि तरीही काही पेशी वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, ओलीशिवाय तगायला शिकतात. तेव्हा पुढचं औषध लागतं. पीएसए खाली आला म्हणजे चाळ कोरडी आहे, एवढंच. काही रुग्णांत डॉक्टर मुद्दाम मध्ये सुट्टी देतात, ती वेगळी. ती त्यांनी ठरवायची, पारानं नव्हे.

आणि कृपा करून मोबाइलवर फिरणारं ते "कांदा खा, प्रोस्टेट पळवा" मला दाखवू नका. त्यामागं एक खरा अभ्यास आहे, शांघायमधला, २००२ सालचा. कांदा-लसणाच्या कुळातलं जास्त खाणाऱ्यांत हा कॅन्सर कमी दिसला, विशेष करून पातीच्या कांद्यानं. पण तो आजार व्हायच्या आधीच्या खाण्याचा हिशेब होता. झालेला आजार कांद्यानं बरा होत असता तर निफाड तालुक्यात तो औषधालाही सापडला नसता.

तिसरा मुद्दा धंद्याचा, आणि इथं मी दुकानदार असल्यानं माझ्याच तोंडून ऐका. इंजेक्शन महाग आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत कांद्याचे भाव कोसळले तेव्हा, आणि त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातबंदी आली तेव्हा, माझ्या वहीतल्या नावांपुढच्या तारखा रिकाम्या राहिल्या. एका इंजेक्शनला निम्मी ट्रॉली कांदा जात असेल तर माणूस आधी खताचं देणं देतो. पण यावर उपचार सोडणं हा तोडगा कसा? कंपन्यांना शिव्या द्यायच्या तर नेमक्या जागी द्या. ल्युप्रोलाइड हे यातलं मुख्य औषध सप्टेंबर २०२२ मध्ये देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. एन्झाल्युटामाइड या प्रोस्टेट कॅन्सरवरच्या महागड्या गोळीचा पेटंटचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयानं नोव्हेंबर २०१६ मध्ये फेटाळला. अशा भांडणांतून भाव उतरतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, कुठल्या दवाखान्यात बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारायला एक चक्कर लागते. ती चक्कर मारायला सांगणारा पारावर एकही निघाला नाही.

आणि ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त बोलायला हवं, तिच्यावर सगळे गप्प. ऑपरेशन. १९४१ सालचंच ते, वृषणं काढण्याचं. छोटं, एकदाच होणारं, खर्च इंजेक्शनांच्या मानानं किरकोळ. काही तासांतच टेस्टोस्टेरॉन तळाला जातं, सुरुवातीचं ते भडकणं नाही, दर तीन महिन्यांची नाशिकची वारी नाही, कांद्याचा भाव पडला म्हणून चुकण्याची भीती नाही. आजार दाबण्याच्या कामात ते इंजेक्शनच्या तोडीचं. वरचं कवच ठेवून आतला भाग काढायची पद्धतही आहे, म्हणजे पिशवी रिकामी दिसत नाही. ज्याला रेडिएशनच्या जोडीला ठरावीक काळच हार्मोन बंद करायचंय त्याला ते लागू नाही, कारण ते परत फिरवता येत नाही. पण ज्याला आजन्म घ्यायचंय आणि ज्याच्या घरात पैशाचा भरवसा नाही, त्याच्यापुढं हा पर्याय सरळ शब्दांत ठेवला जात नाही. दवाखान्यात "तुम्हाला चालणार नाही" असं गृहीत धरतात. आणि ते गृहीत धरतात ते पारावरच्या बोलण्यामुळंच. म्हणजे खच्ची खच्ची म्हणून ओरडणाऱ्यांनीच गरिबाच्या हातून स्वस्त उपचार काढून घेतलाय आणि त्याला महागड्या इंजेक्शनाच्या दारात उभं केलंय. कंपन्यांचा धंदा कुणी वाढवला, गुरुजी?

एवढंही आता पुरत नाही. पसरलेल्या आजारात इंजेक्शन किंवा ऑपरेशन हा पाया, त्यावर दुसरं औषध लागतं. ॲड्रिनल ग्रंथीतून आणि खुद्द कॅन्सरच्या पेशीतून थोडं हार्मोन झिरपतच असतं, ते बंद करणारी ॲबिराटेरॉन ही गोळी. २०१७ साली आलेल्या मोठ्या चाचणीत पायाच्या उपचारावर ही गोळी सुरुवातीपासून दिलेल्यांपैकी तीन वर्षांनी ६६ टक्के जिवंत होते, नुसत्या पायावरचे ४९ टक्के. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. नाश्त्याबरोबर चौथाई डोस घेऊनही पीएसए तितकाच उतरतो, असं ७२ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात २०१८ मध्ये दिसलं. गरीब देशाच्या दृष्टीनं ही मोठी आशा आहे. पण माझ्या काउंटरवर उभं राहून "मग मी पाव गोळी घेऊ का" विचारणाऱ्याला मी डॉक्टरकडंच पाठवतो.

शिलाजीत, अश्वगंधा, गोखरू घालून "मर्दानी ताकद" विकणाऱ्या डब्यांचं शेवटी सांगतो, कारण ते माझ्याच दुकानात समोरच्या फळीवर आहेत आणि त्याची मला लाज आहे. इंजेक्शन घेणारे दोघे-तिघे तेही घेऊन जायचे. "टी वाढतो" असं त्या डब्यावर छापलेलं असतं. एकीकडं पाट बंद करायचा आणि रात्री लाइट आली की गुपचूप मोटार चालू करायची! वाढतो की नाही हे देव जाणे, पण वाढावा म्हणून घेणं यातच सगळं आलं. आता इंजेक्शनच्या गिऱ्हाइकाला मी ते डबे देत नाही.

परवा नानांच्या घरी गेलो. दिवाबत्तीची वेळ होती. बायपासला राहणारा त्यांचा मुलगाही आला होता. मी पिट्यूटरीचा पुकारा सांगितला, बहिरी होण्याचं सांगितलं, इंजेक्शनाऐवजीच्या ऑपरेशनचंही सांगितलं. नानांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाले, "ऑपरेशनला किती दिवस दवाखान्यात ठेवतात?" बऱ्याचदा एखादा दिवस, मी म्हणालो. मुलगा मान खाली घालून बसला होता. आतून नानी आल्या, पोळ्याला कुंभाराकडून आणलेली मातीची जोडी कोनाड्यातून काढून तिच्यावरची धूळ पदरानं पुसली, परत ठेवली आणि मुलाला म्हणाल्या, "सोमवारी गाडी सांग. नाशिकला जायचंय."